एकांताचं टाकं

आषाढातल्या एका सकाळी मी कान्हेरीच्या एका लहानशा लेण्यात दगडी ओट्यावर बसले होते. बाहेर पावसाची धार, दाराशी पाण्याचं टाकं, आत एका माणसाला पाठ टेकता येईल एवढी जागा. लिहिणाऱ्याला आणखी काय हवं, असं वाटून गेलं. पण ही एवढीशी जागा उभी करायला किती हात लागले होते, ते तिथले शिलालेख समजून घेतल्यावर कळलं आणि एकांताविषयीचा माझा समजच बदलला.

कलावंतानं शहर सोडून रानात राहावं आणि काही घडवून परतावं, ही कल्पना आज जगभर रुजली आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या वनराईत १९०७ साली सुरू झालेल्या मॅकडॉवेल निवासात प्रत्येकाला कामासाठी वेगळी झोपडी मिळते, दुपारचं जेवण टोपलीतून दाराशी येतं. आपल्याकडे या कल्पनेची पूर्वज म्हणजे वर्षावासाची परंपरा. एरवी गावोगाव फिरणाऱ्या भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी थांबायचं, ध्यान आणि अध्ययन करायचं. त्यांच्यासाठी कान्हेरीच्या डोंगरात, त्या काळच्या कृष्णगिरीत, हजारएक वर्षांत शंभरावर लेणी कोरली गेली.

ती कोणाच्या पैशानं? शिलालेखांत सोपारा, कल्याण, चेऊल इथल्या दात्यांची नावं आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, स्त्रियाही आहेत. कोणी लेणं दिलं, कोणी ओटा, कोणी पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाकं. नवव्या शतकातल्या शिलाहार काळातल्या एका लेखात तर विहाराची डागडुजी, भिक्खूंची चीवरं आणि ग्रंथ यांसाठी द्रम्म नाण्यांची वेगवेगळी तरतूद आहे. निवारा, वस्त्र, पुस्तक. एकांताचा इतका नेमका हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. बाजारपेठेतल्या माणसांनी रानातलं मौन सांभाळलं होतं.

आणि ते मौनही निखळ नव्हतं. एकाच्या ध्यानाशेजारी दुसऱ्याची छिन्नी चालत असणार. तिसऱ्या लेण्यातल्या भव्य बुद्धमूर्ती, एकेचाळिसाव्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, चौतिसाव्याच्या छतावरचं अपुरं राहिलेलं चित्र, हे सारं त्या सहवासातून आलं. ध्यान करणाऱ्याला पाथरवट लागला आणि पाथरवटाच्या हाताला ध्यानाचा विषय मिळाला.

रानाला केवळ आपली प्रेरणा समजणं मात्र चूक आहे. कान्हेरी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथं आणि शेजारच्या आरेत वारली पाडे आहेत. आपण ज्याला निर्जन म्हणतो, ते त्यांचं अंगण आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत आयुष्याची उमेदीची वर्षं जंगलात काढली. झाडापाखरांची नावं ते आदिवासींकडून शिकले, म्हणून मराठीला इतके नवे शब्द मिळाले. रानात जायचं तर शिकायला जावं, पाहुण्याच्या पायरीनं.

मी घाटकोपरच्या चाळीत वाढले. एका खोलीत सहा माणसं. दहावीच्या वर्षी शेजारच्या काकू रोज दुपारी आपली खोली मला अभ्यासाला द्यायच्या. दार लोटून घेऊन त्या गॅलरीत तांदूळ निवडत बसायच्या, कोणी हाक मारू लागलं तर हातानंच थांबवायच्या. माझं पहिलं लेखन त्या खोलीत झालं. पुढे कान्हेरीतल्या दानलेखांविषयी वाचताना मला सारख्या काकूच आठवत राहिल्या.

म्हणून मला वाटतं, एकांत एकट्यानं मिळवता येत नाही. तो कोणीतरी कोणालातरी द्यावा लागतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या माणसांसाठी असंच एक दान आहे आणि ते राखणं आपल्याकडे आहे. पण प्रत्येकाला रानात जाता येणार नाही. अंधेरी-मुलुंडच्या एखाद्या वाचनालयानं चातुर्मासापुरती एक खोली लिहिणाऱ्या-चितारणाऱ्या मुलीला द्यावी. एखाद्या सोसायटीनं वर्षभर बंद असलेला आपला हॉल दुपारपुरता उघडावा. मोठा खर्च नाही. लागते ती दाराबाहेर बसायची तयारी.

कान्हेरीच्या कातळात पावसाचं पाणी टाक्यांकडे नेणाऱ्या पन्हळी खोदल्या आहेत. कोसळणारा पाऊस त्या अजूनही टाक्यात उतरवतात. पाऊस चार महिन्यांचा, तहान वर्षाची, हे जाणणाऱ्यांनी त्या खोदल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांची तिथं राहायला येणाऱ्या भिक्खूशी ओळखही नसेल.