वेळापत्रकाचा पुरावा

टेक्सासहून कॅलिफोर्नियात नोकरी बदलताना मला परवाना कोणी विचारला नाही. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही तो लागत नाही. भारतात शिकलेली नर्स हाच प्रवास करते तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. तिने दिलेली एनक्लेक्स परीक्षा देशभर एकच असते. पण नर्सिंग परवान्यांच्या आंतरराज्य करारात टेक्सास आहे, कॅलिफोर्निया नाही. म्हणून पुन्हा अर्ज, आणि मूळ कॉलेजकडून अभ्यासक्रमाचा तपशील: थिअरी आणि वॉर्डमधलं शिक्षण बरोबरीने झालं होतं का?

तपासणी हवीच. बेशुद्ध माणूस स्वतःची नर्स निवडू शकत नाही; त्याच्या वतीने राज्य निवडतं. हे मला पटतं. पण दहा वर्षं अमेरिकेतल्याच आयसीयूत काढलेल्या बाईला तिच्या विसाव्या वर्षीचं वेळापत्रक मागायचं? (तेही सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या क्लार्कला जुनं रजिस्टर सापडलं तर!) नको ती नर्स आत आली तर बोर्डाला जाब विचारला जातो, हवी ती बाहेर राहिली तर कोणालाच नाही. सावधगिरी एकाच बाजूला झुकते ती यामुळे.

उद्या मीच त्या खाटेवर असलो, तर मी तिला एवढंच विचारेन: रात्री तीनला माझा रक्तदाब उतरला तर आधी काय कराल?