‘सापडले नाही’चा रकाना

एखाद्या विषयाच्या मागे लागलेला माणूस संगणकावर तक्ता आखतो तेव्हा त्यात बहुधा पाच रकाने असतात: प्रश्न, कोठे पाहायचे, कधी पाहिले, काय मिळाले आणि शेरा. कामाचा हिशेब ठेवायला एवढे पुरते. अडते ते ‘काय मिळाले’ या रकान्यात लिहिण्यासारखे काहीच नसते तेव्हा. शोधूनही न सापडणे हे ज्ञान मानायचे, की ज्ञान झालेच नाही असे समजायचे? भारतीय दर्शनांत हा वाद शतकानुशतके चालला. त्यातले उदाहरण जमिनीवर नसलेल्या घड्याचे असले, तरी दप्तर धुंडाळणाऱ्याला तो वाद थेट लागू पडतो.

पालघर जिल्ह्यातल्या पाम गावात आणि एकूणच बोईसर-तारापूर पट्ट्यात असा तक्ता हौसेपेक्षा गरजेपोटी आखण्याचे प्रसंग जास्त. जातवैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. इतर मागासवर्गासाठी ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. मग वारली किंवा मल्हार कोळी घरातला शिकलेला मुलगा आजा-पणजाच्या नावाने जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर आणि जुने फेरफार पाहत सुटतो. एकेका नोंदीला एकेक ओळ. काही दिवसांतच तक्त्यात भरलेल्या घरांपेक्षा मोकळी घरे जास्त दिसू लागतात. त्यातल्या एका मोकळ्या घराचा अर्थ ‘अजून पाहिले नाही’ असा असतो, दुसऱ्याचा ‘पाहिले, नाही’ असा, तर तिसऱ्याचा ‘रजिस्टरच मिळाले नाही’ असा. दिसायला तिन्ही सारखीच.

सातव्या शतकातील कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आहे. जमिनीवर घडा नाही हे कळते ते घडा न दिसण्यातूनच; डोळ्यांना फक्त जमीन दिसते. अद्वैत वेदान्तानेही हे प्रमाण स्वीकारले. मीमांसेतल्याच प्रभाकराच्या अनुयायांना ते मान्य नव्हते: अभाव नावाची वेगळी वस्तूच नाही, नुसती जमीन कळली की काम झाले. नैयायिकांनी अभाव खरा मानला, पण तो प्रत्यक्षानेच कळतो असे सांगितले. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धी अनुमानात बसवली.

इतके मतभेद असूनही एका अटीवर बहुतेकांचे जुळते. वस्तू तिथे असती तर ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्याला किंमत आहे. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. पिशाच तर उजेडातही दिसत नाही असे मानले आहे, म्हणून त्याच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या अटीला ‘योग्यता’ म्हणतात. तक्ता आखणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्या वादातली सर्वांत कामाची गोष्ट हीच.

दप्तरात ही अट कशी लागते ते पाहा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीचे कागद ठाणे जिल्ह्याच्या नावाने आहेत. त्याहून मागे, १८८२च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये आजच्या पालघर तालुक्याचा बराच भाग ‘माहीम’ या पोटविभागात येतो. जुन्या कागदांच्या सूचीत ‘तालुका पालघर’ शोधणाऱ्याला काही मिळाले नाही, तर त्यातून नोंद नव्हती असे ठरत नाही. शोध अयोग्य होता एवढेच ठरते. मोडी न वाचता येणाऱ्याने मोडीतले रजिस्टर चाळून ‘नाही’ लिहिले तर तोही अंधारातलाच घडा. तेव्हा नुसते ‘सापडले नाही’ लिहून भागत नाही. कोणत्या नावाने पाहिले, नावाची कोणती रूपे धरली, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, लिपी कोणती, पाने सलग होती की मधली गळालेली, हे सारे शेऱ्यात आले पाहिजे. शेऱ्याचा रकाना लोक सर्वांत अरुंद ठेवतात, हे उलटेच आहे.

न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार केले. त्यांतला अन्योन्याभाव, म्हणजे ही वस्तू ती वस्तू नव्हे, नावसाधर्म्यात उपयोगी पडतो: रजिस्टरातला लक्ष्मण हा आपला लक्ष्मण नसतो. शाळा निघण्यापूर्वी तिच्या रजिस्टरात नाव नसणे हा प्रागभाव. वाळवीने वही खाल्ली तर प्रध्वंसाभाव. जी नोंद त्या दप्तरात कधी होणारच नव्हती तिचा अत्यंताभाव. तक्त्यात ‘नाही’ या एकाच शब्दाखाली हे चारही कोंबले जातात. वास्तविक पुढचे पाऊल प्रत्येक ठिकाणी वेगळे असते: पहिल्यात माणूस बदलायचा, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात दुसरी प्रत शोधायची, चौथ्यात ती वाटच सोडायची.

अभावाचा इतका काटेकोर हिशेब महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे, आणि तोही कागदी तक्त्यावर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पाठमेळाचे, म्हणजे पोथ्यांतले पाठ ताडून पाहण्याचे, तक्ते आखले गेले. वर छापील श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक आडवी ओळ. उजवीकडे शेऱ्यासाठी राखलेली जागा. १९२५पासून वि. सी. सुखठणकरांनी हे काम चालवले आणि त्यांचे आदिपर्व १९३३मध्ये पुरे झाले. व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची सर्वांना ठाऊक असलेली कथा त्यांनी मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात टाकली, कारण महत्त्वाच्या अनेक हस्तलिखितांत ती नाही. एखाद्याच पोथीत ती नसती तर लेखकाची डुलकी म्हणून सोडून देता आले असते. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, एकमेकींवरून न उतरवलेल्या पोथ्यांत ती नसणे हा पुरावा ठरतो.

तरीही अनुपलब्धीचा निर्णय कायमचा नसतो. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे विसाव्या शतकाच्या मध्यावर राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले. त्यांतल्या शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६च्या पटात संजाण मंडलावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी राज्य करत असल्याचे आणि त्याच्या काळात एका मठिकेला दान दिल्याचे आले आहे. ताम्रपट मातीत होते तोवर या माणसाबद्दल काही न सापडण्याला योग्यता नव्हती. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक ‘नाही’ला तारीख हवी.

आणखी एक भेद राहतो. अर्जदाराने स्वतः पाने उलटून ‘नाही’ लिहिले तर ती अनुपलब्धी. कार्यालयाने ‘नोंद आढळून येत नाही’ असे पत्र दिले तर ते शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान; त्याची किंमत सांगणाऱ्याच्या आप्ततेवर, म्हणजे त्याने खरोखर पाहिले होते की नाही आणि तो खरे सांगतो की नाही यावर, अवलंबून. तक्त्यात या दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवणे बरे, आणि पत्राच्या शेऱ्यात कोणती वही कोणी पाहिली हे विचारून लिहावे. ते कळले नाही, तर ती ओळ ‘झाले’मध्ये न टाकता ‘बाकी’मध्येच राहू द्यावी.