अंकुरावरची टोपी

खिडकीतल्या कुंडीतील रोप उजेडाकडे झुकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्याला उजेड कळतो तो नेमका कोठे? चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग करून १८८० मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. (डार्विनचे नाव वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, त्यांनी क्षणभर धीर धरावा.) त्यांनी काही अंकुरांच्या टोकांवर प्रकाश अडवणाऱ्या इवल्या टोप्या घातल्या. ते अंकुर उजेडात उभे असूनही सरळच वाढले. टोक मोकळे ठेवून खालचा भाग झाकला, तेव्हा मात्र अंकुर झुकले. जाणते ते टोक, आणि वाकतो तो खालचा भाग! पुढे ऑक्सिन या द्रव्याचा शोध लागला. ते टोकाकडून खाली उतरताना सावलीच्या बाजूस अधिक जमते, तेथील पेशी लांबतात आणि अंकुर प्रकाशाकडे कलतो.

आपलेही काहीसे असेच आहे. तव्याचा चटका बसताच हात मागे येतो; वेदना जाणवण्यापूर्वीच मज्जारज्जूने आपले काम केलेले असते. यात ना सवाब, ना गुनाह. हिशेब सुरू होतो तो पुढे, जेथे कानी आलेल्या हाकेला ओ द्यायची की नाही हे आपण ठरवतो.

विज्ञानाचा प्रत्येक शोध आयतीत दाखवण्याची घाई मला पटत नाही. तरी त्या टोपीविषयी वाचताना सूरह अल-मुतफ्फिफीन आठवली. माणसांच्या कमाईचा गंज त्यांच्या हृदयांवर चढल्याचे तेथे सांगितले आहे. आणि ही सूरह सुरू होते ती मापात मारणाऱ्यांपासून! म्हणजे हा गंज तराजूपाशी, गल्ल्यापाशी, रोजच्या व्यवहारात चढतो. अंकुराला टोपी दुसऱ्याने घातली होती; आपली आपणच विणतो.

दुसऱ्या कोणाचे कशाला सांगू? एका शुक्रवारी शेजाऱ्याच्या हक्कांवर खुत्बा देऊन मी बाहेर पडलो. मशिदीच्या दारात एक वृद्ध गृहस्थ काही सांगू पाहत होते. मी त्यांच्या हातावर नाणे ठेवले आणि पुढे गेलो. संध्याकाळी मुअज्जिनसाहेबांकडून कळले की, त्यांना पैसे नकोच होते. दवाखान्याची चिठ्ठी वाचून हवी होती. ते आमच्याच गल्लीत राहत होते.

मदीनेच्या मशिदीत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) खजुरीच्या एका खोडाला टेकून खुत्बा देत असत. पुढे मिंबर तयार झाला आणि ते त्यावर उभे राहिले, तेव्हा ते खोड लहान मुलासारखे रडू लागले, असे सहीह बुखारीत आले आहे. साऱ्या मशिदीने तो आवाज ऐकला. प्रेषित (सल्ल.) खुत्बा सोडून मिंबरावरून खाली उतरले आणि त्यांनी त्या सुक्या लाकडाला कवेत घेतले. ते शांत होईपर्यंत ते तेथेच थांबले.