पडलेले घुमट

जुनी वास्तू पूर्ववत करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न वरकरणी गवंड्याचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. कोलकात्याच्या जुन्या डलहौसी चौकातील करन्सी बिल्डिंगचेच पाहा. १८३३ सालची ही तिमजली विटांची इमारत. येथे प्रथम आग्रा बँक नांदली. १८६८ पासून सरकारचे चलन खाते आले. मधल्या दालनावर तीन घुमट होते. त्यांतून उतरणाऱ्या उजेडात नोटा आणि नाणी यांची देवघेव चाले. १९३५ ते १९३७ या काळात रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालयही येथेच होते.

पुढे ही वास्तू केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याकडे होती. १९९६ साली त्या खात्याने नवी इमारत उभारण्यासाठी ती पाडावयास घेतली. विरोध झाला, काम थांबले. पण तोवर तिन्ही घुमट गेले होते. २००५ साली वास्तू पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन झाली. त्याने भिंती सावरल्या, कमानी दुरुस्त केल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये तेथे संग्रहालय उघडले. घुमट मात्र पुन्हा बांधले नाहीत. दालनाच्या जागी आज उघडे अंगण आहे.

कोणी म्हणेल, हे काम अर्धेच राहिले. ज्या सरकारने पाडले त्याने बांधून द्यावे, हा न्याय सरळ दिसतो. भरपाईने ऋण फिटते हे खरे. पण घडलेले न घडलेले होत नाही. रस्किनने १८४९ मध्येच जीर्णोद्धाराला असत्य ठरविले होते. आम्हांला इतके टोक मान्य नाही. गळते छप्पर शाकारणे हे असत्य नव्हे. परंतु नवे घुमट चढवून १९९६ साल पुसून टाकणे, हे असत्याच्या फार जवळ जाते.

आम्हां कारकुनांना यासाठी रस्किनकडे जावयास नको. नोंदवहीतील चुकीचा आकडा खरवडायचा नसतो. त्यावर एक रेघ ओढावी, खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी दुरुस्ती करणाऱ्याने आद्याक्षरे घालावीत, हा आमचा पहिला धडा. खरवडलेला कागद स्वच्छ दिसतो, पण त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

ते अंगण ही अशीच एक रेघ आहे. उणीव एकच: तिच्याशेजारी आद्याक्षरे नाहीत. पाडण्याचा हुकूम अनेक मेजांवरून फिरला असेल, आणि प्रत्येकाने तो केवळ पुढे पाठविला असेल. घुमट पडतात ते अशा पुढे पाठविण्यानेच. म्हणून दगडविटांच्या दुरुस्तीआधी सहीची किंमत ओळखणे, हाच आम्हां चाकरमान्यांच्या वाट्याचा जीर्णोद्धार होय.