पद्धतीवाचून ज्ञान टिकत नाही

गर्भात आधी काय घडते? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात या प्रश्नावरचा वाद नोंदलेला आहे. शौनक म्हणतात डोके, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय आणि सुभूती गौतम म्हणतात मधले धड. शेवटी धन्वंतरी निवाडा देतात की सगळी अंगे एकदमच उत्पन्न होतात. कोवळ्या आंब्यात गर, कोय, केसर सारे काही असते, पण सूक्ष्म असल्यामुळे वेगळे दिसत नाही. या निवाड्याचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. अंगे क्रमाने घडतात आणि त्यांत सर्वांत आधी कामाला लागते ते हृदय, हे आज माहीत आहे. पण त्यातली कबुली मोलाची आहे: जे सूक्ष्म आहे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाच ऋषींचे पाच तर्क त्या सीमेपाशी अडले. ती सीमा ओलांडली ती पद्धतीने. म्हणूनच पद्धत नेमकी लिहून ठेवणे, ती हाताने शिकवणे आणि तिचे श्रेय देणे ही विज्ञानातली दुय्यम कामे नाहीत, असे मी आग्रहाने म्हणतो.

सस्तन प्राण्याचा गर्भ अभ्यासायला सर्वांत अवघड, कारण तो आईच्या पोटात लपलेला असतो. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना कुत्रीच्या बीजांडकोशात बीजांड सापडले ते १८२७ मध्ये. १८९० मध्ये वॉल्टर हीप यांनी अंगोरा सशाचे गर्भ दुसऱ्या जातीच्या सशिणीच्या पोटात ठेवले आणि त्या गर्भांची पिल्ले अंगोराच निपजली. पण गर्भ शरीराबाहेर जगवून वाढताना पाहणे ही वेगळीच गोष्ट होती. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेस्ली व्हिटन यांनी ठरावीक क्षार, ग्लुकोज आणि गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन एवढ्याच सामग्रीच्या द्रवात उंदराचा आठ पेशींचा गर्भ पुढच्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेपर्यंत वाढवला. पुढे राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९६३ मध्ये द्रवाचे बारीक थेंब बशीत ठेवून त्यांवर पॅराफिन तेलाचा थर पसरण्याची रीत दिली. आजही प्रयोगशाळेत हेच चालते. जेमतेम दशांश मिलिमीटरचा गर्भ ज्योतीवर ओढून बारीक केलेल्या काचेच्या नळीने उचलायचा, थेंबात सोडायचा आणि बशी ३७ अंशांच्या, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या पेटीत ठेवायची. हा वायू कमी पडला तर द्रव अल्कधर्मी होतो आणि त्यातला फिनॉल रेड हा रंगद्रव्याचा अंश जांभळट होऊन तशी वर्दी देतो. या बारकाव्यांतूनच शास्त्र हाती आले. एकपेशीय गर्भ ग्लुकोजवर जगत नाही, त्याला पायरुवेट लागते. आठ पेशींच्या सुमारास ग्लुकोज चालू लागते. गर्भ आपली ऊर्जेची वाट बदलतो हे कळले ते द्रवातला एकेक घटक घालून आणि काढून.

यावर रास्त आक्षेप असा की बशी म्हणजे गर्भाशय नव्हे. बशीत दिसले ते पोटात घडतेच कशावरून? या शंकेला उत्तर अॅन मॅक्लॅरन आणि जॉन बिगर्स यांनी १९५८ मध्ये दिले. बशीत वाढवलेले गर्भ त्यांनी उंदरिणीच्या पोटात ठेवले आणि धडधाकट पिल्ले जन्मली. तरी शंका पुरती फिटत नाही, आणि ती फिटू नयेच. उंदरांच्या अनेक वाणांचे गर्भ बशीत दोन पेशींपाशी अडून बसत. हा गर्भाचा स्वभाव की द्रवाचा दोष? १९८९ मध्ये ग्लुकोज वगळून ग्लुटामिन आणि ईडीटीए घातलेल्या द्रवात तेच गर्भ पुढे वाढले. दोष द्रवाचा होता. पद्धत स्वतःची चूक स्वतः शोधू शकते, पण ती घटकांच्या प्रमाणासह लिहिलेली असेल तरच.

दुसरा आक्षेप मानाचा आहे. कल्पना मोठी, हातकाम लहान, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. उज्जैनची वेधशाळा याच्या उलट साक्ष देते. पितळी यंत्रांचे आस झिजतात आणि वेध चुकतात, म्हणून सवाई जयसिंहांनी दगडचुन्याची भव्य यंत्रे उभारली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिथला कारभार पाहिला. यंत्राचा नेमकेपणा हीच तिथली विद्या होती. गर्भशास्त्रात याचाच करुण दाखला डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा. कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. संप्रेरके देऊन बीजांडे वाढवणे आणि गर्भ गोठवून पुढच्या पाळीत ठेवणे, या त्यांच्या रीती पुढे जगभर रूढ झाल्या. पण सरकारी समितीने त्यांचा दावा नाकारला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या बाळामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंद कुमार होते. भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान त्यांना मिळाला होता. मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे वाचून आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये तो मान जाहीरपणे मुखोपाध्यायांना दिला. समितीच्या हट्टामुळे माणूस गेला. टिपणे राहिली म्हणून न्याय मिळाला.

तिसरा आक्षेप करुणेचा आहे आणि तो टाळता येत नाही. प्राणी मारून आणि मानवी गर्भ हाताळून मिळवलेले ज्ञान आपल्याला हवे का? माझे उत्तर असे की मर्यादा आखायलाही हेच ज्ञान लागते. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी गर्भ प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे किंवा आदिरेषा, म्हणजे शरीराच्या अक्षाची गर्भावर उमटणारी पहिली रेघ, दिसू लागल्यानंतर वाढवता येत नाही. त्या रेषेनंतर एका गर्भाची जुळी होण्याची शक्यता जवळजवळ संपते, म्हणजे एका व्यक्तीचा आराखडा सुरू होतो. हे निरीक्षणाशिवाय कळलेच नसते. १९७२ पासून उंदराचे गर्भ उणे १९६ अंशांवर गोठवता येतात, त्यामुळे प्रत्येक वाण पिंजऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या पोसावा लागत नाही. चांगली पद्धत प्राण्यांचे हाल कमी करते.

पण ही पद्धत आपण शिकवतो का? उज्जैनपासून नागपूर-पुण्यापर्यंतच्या प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत कोंबडीच्या गर्भाची ३३ तासांची तयार स्लाइड ओळखली की गुण मिळतात. ती स्लाइड कशी झाली, अंडे किती अंशांवर उबवले, कवच कसे उघडले, कोणते रंजक वापरले, हे कोणी विचारत नाही. प्राध्यापकांना आणि अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे: त्या प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या कृतीला द्या, आणि ती कृती वाचून दुसऱ्या विद्यार्थ्याला तोच गर्भ तसाच दिसला तरच ती बरोबर माना.