डाव्या हाताचा खर्ज

दुकानात पाऊल टाकण्याआधी थोडा वेळ घरीच बसा. पाठ सरळ, खांदे सैल, दोन्ही तळवे मांडीवर. आज काहीच विकत घ्यायचं नाही, एवढं मनाशी पक्कं करा. डावखुऱ्या वादकाच्या मागे एक घाई कायम लागलेली असते, कारण त्याच्यासाठी मालच कमी असतो. उजव्या हाताच्या गिटारी भिंतीवर ओळीने टांगलेल्या असतात, डाव्या हाताची एखादी कोपऱ्यात सापडते, आणि ॲकॉस्टिक बेस म्हटलं की बहुधा तीही नसते. मग कुठे एक दिसला की ‘मिळतोय तर घेऊन टाकू’ हा विचार आधी येतो आणि ‘हा माझा आहे का’ हा प्रश्न मागे राहतो. तोच प्रश्न सावकाश पुढे आणण्यासाठी आपण बसलो आहोत.

डोळे मिटा. मांडीवर बेस आहे असं समजा आणि फार विचार न करता हात उचला. तारा छेडायला कोणता हात पुढे गेला? त्या हाताची पहिली दोन बोटं आलटून पालटून मांडीवर टेकवा. एक, दोन, एक, दोन. आता हेच दुसऱ्या हाताने करून बघा. ठोका कुठे आपोआप पडतो आणि कुठे पाडावा लागतो, ते नुसतं पाहा. निर्णय नको.

बेसमध्ये दुसरा हात जागा शोधतो, तार दाबतो, पण सूर नेमका कधी पडायचा आणि किती जोराने, हे छेडणारी बोटं ठरवतात. बँडची लय त्या बोटांवर टेकलेली असते. प्रसाद उजव्या हातात घे, असं लहानपणी ऐकत मोठे झालेल्यांना गिटारच्या क्लासमध्येही ‘उजव्या हातानेच शीक, पुढे वाद्य मिळायला सोपं जाईल’ हा सल्ला मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि अगदी कोऱ्या विद्यार्थ्याने त्यावर विचारही करावा. पाश्चात्त्य वाद्यवृंदातले डावखुरे व्हायोलिनवादक बहुतेक उजव्याच हातात बो धरतात. दाटीने बसलेल्या रांगेत एकाचा बो उलट चालला तर शेजाऱ्याला लागतो. बेसवाल्याला अशी रांग नसते. आपल्याकडे डावखुरा तबलजी डग्गा उजवीकडे घेऊन बसतो आणि मैफल रंगते. ज्याचा ठोका डाव्या हातात आहे त्याने तो तिथेच राहू द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

काहीजण उजव्या हाताचं वाद्य नुसतं फिरवून घेतात. यलोजॅकेट्स या बँडमुळे नावारूपाला आलेला जिमी हॅस्लिप तारांचा क्रम न बदलता डाव्या हाताने वाजवतो. बारीक तार वर, जाड तार खाली. त्याने त्या उलट्या क्रमातच आपली भाषा घडवली. तुमची बोटंही आधीपासून तशीच शिकली असतील तर तोच तुमचा मार्ग आहे. नसतील, तर तारा उलट्या क्रमाने लावून काम भागेल का, हा प्रश्न उरतो. त्यासाठी ब्रिजकडे जवळून बघायला हवं.

ब्रिजवर हाडाची किंवा प्लास्टिकची पांढरी पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. ती सरळ नसते, किंचित तिरकी बसवलेली असते. जाड तार दाबली की बारीक तारेपेक्षा जास्त चढते, म्हणून तिला थोडी अधिक लांबी दिलेली असते. तारांचा क्रम उलटा केला की ही जादा लांबी बारीक तारेकडे जाते आणि जाड तार आखूड पडते. मग बाराव्या फ्रेटवर जाड तार दाबून वाजवा आणि त्याच जागी बोट अलगद टेकवून निघणारा हार्मोनिकही ऐका. दाबलेला सूर वर चढलेला असेल तर पट्टी चुकीच्या बाजूला झुकली आहे. इलेक्ट्रिक बेसवर हे स्क्रू फिरवून सुधारतं, ॲकॉस्टिकवर मात्र ब्रिजलाच हात घालावा लागतो. वरच्या टोकाला नटच्या खाचाही मापाच्या असतात. जाड तार साधारण अडीच मिलिमीटरची, बारीक सव्वा मिलिमीटरच्या आतली. एकीची खाच दुसरीला चालत नाही. पोटातल्या लाकडी पट्ट्याही बहुधा एका बाजूचा विचार करून चिकटवलेल्या असतात. शिवाय मानेच्या कडेवरचे खुणेचे ठिपके जमिनीकडे जातात आणि आवाजाची बटणं मांडीखाली येतात. यातलं बरंच कसबी कारागीर बदलू शकतो. रॉक गायक कर्ट कोबेनने 18 नोव्हेंबर 1993 ला न्यूयॉर्कमध्ये ‘अनप्लग्ड’ या टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणात वाजवलेली मार्टिन गिटारही मुळात उजव्या हाताची होती, डाव्यासाठी बदलून घेतलेली. तरी पर्याय असेल तर मुळातच डाव्या हातासाठी बांधलेला बेस घ्या.

आता तो बेस खरोखर मांडीवर आला आहे असं धरू. उजवा हात मानेवर न्या. पहिली चार बोटं पहिल्या चार फ्रेटवर पसरा आणि थांबा. 34 इंची तारेवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर सुमारे 5 इंच भरतं, 30 इंचीवर साडेचार. अर्धा इंच ऐकायला किरकोळ वाटतो, तिसऱ्या गाण्यात मनगटाला तो कळतो. हात सोडून द्या आणि मान खाली झुकते का ते बघा. झुकत असेल तर दाबणारा हातच ती तोलून धरत राहील आणि सूर दाबायला मोकळा उरणार नाही. बसून बघितलंत, तसं पट्टा लावून उभंही राहून बघा.

मग सर्वांत जाड तार एकदाच छेडा. पुढचं काही वाजवू नका. सूर विरेपर्यंत ऐका.

ही तार सेकंदाला सुमारे 41 वेळा थरथरते. हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या पुढे जाते, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटच्या हॉलपेक्षा जास्त. गिटारच्या आकाराचं पोट एवढी हवा हलवू शकत नाही. मूळ सूर फारच थोडा बाहेर पडतो. बाहेर येतात त्याच्या वरचे स्वर, 82, 123, आणि त्यांच्यावरून खालचा सूर आपला मेंदू जुळवून घेतो. म्हणून चांगला ॲकॉस्टिक बेस ओळखताना ‘किती मोठा आवाज’ एवढंच बघू नका. वरचे स्वर स्वच्छ आहेत का, एकमेकांत मिसळून चिखल तर होत नाही ना, हे ऐका. दुसऱ्यांदा छेडताना छाती लाकडाला टेकवा. कानाला जे कमी मिळतं त्यातलं बरंच तिथे मिळेल. श्रोत्याला मात्र ते मिळत नाही, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवा.

ही अडचण जुनीच आहे. मेक्सिकोच्या मारियाची ताफ्यात गिटारोन नावाचं फुगीर पोटाचं वाद्य असतं. त्यावर बहुधा दोन तारा एकदम ओढून तोच सूर दोन सप्तकांत काढतात, म्हणून तो उघड्या अंगणातही पोचतो. ते पाहून अर्नी बॉलने 1972 मध्ये ‘अर्थवुड’ हा फ्रेटवाला ॲकॉस्टिक बेस काढला आणि त्याचं पोट अवाढव्य ठेवलं. पुढे बहुतेकांनी पोट आटोपशीर केलं आणि आवाजाची जबाबदारी पिकअपवर टाकली. म्हणजे ‘अनप्लग्ड’ नावाच्या कार्यक्रमातही बेसची वायर बहुधा कुठेतरी जोडलेली असते. त्यात कमीपणा नाही. कोबेननेही त्या कार्यक्रमात गिटार ॲम्पमधून वाजवली, आणि तो ॲम्प खोक्याआड झाकून ठेवला होता.

आता तुमच्या मैफलीत कोण कोण आहे ते एकेक करून डोळ्यांपुढे आणा. नखांनी छेडलेली एक नायलॉन गिटार आणि गाणारा एक गळा असेल, खोलीत वीस माणसं असतील, तर बिनवायरीचा बेस चालतो. मोठ्या पोटाची गिटार पिकने झोडपणारा मित्र आणि शेजारी काखोन, म्हणजे हातांनी वाजवायची लाकडी पेटी, असेल, तर तुमचा कोणताही बेस बुडेल. अशा वेळी बेस बदलण्याआधी मित्राशी बोला. तो हळू वाजवायला तयार आहे का? हे वाद्य घेताना खरं तर तुम्ही साथीदारांची तयारी जोखत असता, आणि मला तरी तो निवडीतला सर्वांत मोठा भाग वाटतो.

पिकअप, ट्यूनर, लाकूड कोणतं, याची चर्चा दुकानदार भरपूर करेल. तीनच गोष्टी विचारून घ्या. चारही तारांचा आवाज सारखा येतो का, ॲम्पजवळ बसल्यावर फीडबॅक किती लवकर सुरू होतो आणि डाव्या हाताच्या बेसचे सुटे भाग मिळतात का. तारा मात्र स्वतः निवडा. ब्राँझच्या तारा खणखणीत आणि लांब पोचणाऱ्या, काळ्या नायलॉनचं वेष्टण असलेल्या मऊ, उभ्या बेसच्या आवाजाकडे झुकणाऱ्या. बिनवायरीच्या खोलीत मी ब्राँझ घेईन.

ऑर्डर द्यावी लागली तर वाट बघा. वाद्य कोकणात किंवा मुंबईत राहणार असेल तर पावसाळ्याचाही विचार आत्ताच करा. दमट हवेत वरची फळी फुगते आणि तारा फ्रेटपासून उचलल्या जातात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जुलैत एकदा कारागिराकडून तारांची उंची तपासून घ्या.

बेस येईल तेव्हा पहिल्या संध्याकाळी एक तास एकट्याने घालवा. दुसऱ्या दिवशी गिटारवाल्या मित्राला बोलवा, वायर काढून ठेवा आणि एकच ओळखीचं गाणं वाजवा. मग बेस लांबून कसा ऐकू येतो ते बघा. डाव्या हाताचा बेस त्याच्या हातात देऊन तुम्हाला लांब जाता येणार नाही, तेव्हा तिसऱ्या माणसाला दाराशी उभं करून विचारा, खालचा सूर तिथे ऐकू येतो का. ‘येतो’ म्हणाला तर तारांचा एक जादा संच आणून ठेवा आणि कार्यक्रमाची तारीख ठरवा.