तोडीचा की जोडीचा?

जोडीदार शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे तर आधी बुद्धिमापन चाचणी द्या, या कल्पनेवर आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एका बाजूला हा उच्चभ्रूंचा नवा कंपू वाटतो. दुसरी बाजू म्हणते, ज्याला जसा जोडीदार हवा तसा त्याने शोधावा, तुमचे काय जाते? हा वाद मला उथळ वाटतो, कारण बुद्ध्यंक कळला म्हणजे त्या माणसाबरोबर संसार कसा होईल याविषयी काही महत्त्वाचे कळले, हे दोघांनीही न तपासता मान्य केलेले असते. भांडण फक्त तो विचारावा की नाही, एवढ्यावर. माझी शंका त्या मान्यतेवरच आहे.

कल्पना तशी जुनी आहे. १९४६ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेली मेन्सा ही संस्था बुद्धिचाचणीत वरच्या २ टक्क्यांत येणाऱ्यांनाच सभासद करून घेते. २०१४ मध्ये अमेरिकन मेन्सा आणि मॅच डॉट कॉम यांनी एकत्र येऊन ‘मेन्सा मॅच’ काढले. आपल्याकडे आयआयटी-आयआयएम शादी हे संकेतस्थळ नामवंत संस्थांतून बाहेर पडलेल्यांसाठी आहे. तिथली चाचणी उमेदवाराने संस्थेत प्रवेश घेतानाच देऊन ठेवलेली असते, एवढाच फरक. सिंगापूरने तर हे सरकारी पातळीवर करून पाहिले. १९८३ च्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात ली क्वान यू यांनी पदवीधर स्त्रिया अविवाहित राहतात याची जाहीर चिंता केली, आणि पुढच्याच वर्षी पदवीधरांच्या गाठीभेटी घडवणारे सरकारी खाते उघडले. पदवी नसलेल्यांसाठी वर्षभराने वेगळा विभाग निघाला. हे दोन दरवाजे एक व्हायला २००९ उजाडले.

बुद्ध्यंक हे शुद्ध थोतांड आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चाचणी काहीतरी मोजते, आणि शाळेतल्या यशाशी त्याचा संबंध आहे. प्रेम आंधळे असते म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासारखे काही नाही. विचार करायला लावते ते तिसरे मत. त्याला मी चाळणीचे मत म्हणतो. ‘माणसे आपल्याच बुद्धीच्या माणसांशी लग्न करतात, हे संशोधनाने दाखवले आहे. मग जे शेवटी होणारच आहे, त्याची चाळणी आधीच लावली तर वेळ आणि मनस्ताप वाचतो. यात वाईट काय?’

आधी संशोधनाकडे पाहू. १९८१ साली थॉमस बुशार्ड आणि मॅथ्यू मॅक्ग्यू यांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र मांडले. त्यात नवरा-बायकोच्या बुद्ध्यंकांतला सहसंबंध सरासरी ०.३३ निघाला. आकडा खरा आहे, पण त्याचा वर्ग केला तर जेमतेम ०.११ येतो. म्हणजे एकाचा बुद्ध्यंक माहीत असला तरी दुसऱ्याच्या बुद्ध्यंकातल्या फरकांपैकी ११ टक्क्यांचाच हिशेब लागतो. आणि हे साम्य येते कुठून? माणसे एका कॉलेजात शिकतात, एका कचेरीत काम करतात, एका थरात वावरतात, आणि आपल्याकडे तर एका जातीतच स्थळे पाहतात. तिथे जे भेटतात त्यांच्यातून निवड होते. परिस्थितीने आणलेले साम्य हे निवडीचे कारण होते असे मानणे म्हणजे एकाच डब्यातून प्रवास करणारे सगळे नातेवाईक आहेत असे मानण्यासारखे आहे.

चाळणीवाले एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचा खरा मुद्दा एकटेपणाचा असतो, आणि तो मी हलका मानत नाही. ‘माझे बोलणे कुणाला कळत नाही’ असे सांगणारी हुशार मुलेमुली मी पाहिली आहेत. त्यांचे दुःख खोटे नाही. पण चाळणी त्यांना काय देते ते पाहा. पन्नास लाखांच्या शहरात २ टक्के म्हणजे एक लाख माणसे. या लाखांत कुणी बुद्धिबळात बुडालेला असेल, कुणी करसल्लागार, कुणी दिवसभर गप्प बसणारी, कुणी दुसऱ्याचे वाक्य कधीच पुरे होऊ न देणारा. अशा एखाद्या हुशार मुलाचे बोलणे या लाख जणांना कळेल? त्यातून एक माणूस निवडताना तो शेवटी कुतूहल, ऐकून घेण्याची तयारी, हसणे, चिडणे हेच पाहणार, आणि चाळणीने नेमके हेच विचारलेले नसते. रेषेच्या वर असणे हे साम्य सहा फुटांहून उंच माणसांच्या साम्यासारखे आहे. त्यांना एकमेकांचे कपडे कदाचित होतील, मने जुळतील असे कोण सांगणार?

चाचणीतला प्रश्न एकदा जवळून पाहावा. जॉन रेव्हन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या आकृत्यांच्या कसोटीत तीन ओळींची, तीन रकान्यांची चौकट असते. आठ घरांत आकृत्या, नववे घर रिकामे. आडव्या ओळीत रेघा वाढत जातात, उभ्या रकान्यात ठिपका फिरतो. दोन्ही नियम एकत्र धरून खालच्या पर्यायांतून नववी आकृती शोधायची. मला हे कोडे आवडते, सोडवताना आनंद होतो. पण त्याचे तीन गुण नीट लक्षात घ्यावेत. प्रश्न कुणीतरी मांडून दिलेला आहे. त्याला एकच बरोबर उत्तर आहे. आणि ते एकट्याने शोधायचे आहे. संसारात या तिन्ही गोष्टी उलट्या होतात. तिथे मुळात प्रश्न आहे हेच कुणाच्या लक्षात आलेले नसते, बरोबर उत्तर दोन-तीन तरी असतात, आणि एकट्याने काढलेले उत्तर बहुधा चुकते.

या चाचण्यांचा उगमही आपण विसरलो आहोत. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी कसोटी केली ती वर्गात मागे पडणारी मुले हेरून त्यांना वेगळी मदत मिळावी म्हणून. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले आणि बिने-कामत कसोटी आजही मुलांना कुठे आधार लागेल हे पाहायला वापरतात. ज्या साधनाने मुलाला आत घ्यायचे, त्याच साधनाने आता माणसाला बाहेर ठेवायचे. हा बदल मला सहज सोडून देण्यासारखा वाटत नाही.

पण माझा मूळ आक्षेप याहून साधा आहे. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत: तोडीचा आणि जोडीचा. तोडीचा माणूस लागतो समोर उभा करायला. पैलवानाला तोडीचा पैलवान हवा, कारण दोघांना एकाच मापाने मोजायचे असते. जोडीचा माणूस लागतो शेजारी. तोडीचे असणे दोघांना एकमेकांना न भेटताही ठरवता येते, तिसऱ्याच्या हातात पट्टी असली की झाले. जोडीचे असणे मात्र भेटल्यावाचून ठरत नाही, कारण ते दोघांपैकी कुणा एकाच्या अंगी नसते.

पत्रिकेवर माझा विश्वास नाही. त्या ३६ गुणांनी किती चांगली स्थळे मोडली ते मी घरात पाहिले आहे. तरी एक गोष्ट कबूल करतो. गुणमेलनातला आकडा ना मुलीचा असतो ना मुलाचा, तो जोडीचा असतो. इतकेच नाही, दोघांची नाडी एकच आली तर तो दोष धरतात. चुकीच्या साधनाने का होईना, त्या जुन्या माणसांनी प्रश्न बरोबर विचारला होता: हे दोघे एकत्र कसे? बुद्ध्यंकाची चाळणी साधन बरे वापरते आणि प्रश्नच चुकवते.

माझी एक मावशी सातवीपर्यंत शिकलेली. काका गणिताचे शिक्षक, कोणत्याही चाळणीतून सहज वर राहिले असते. सत्तरीत त्यांना झटका आला आणि शब्द गेले. उरला एकच, ‘चावी’. चहा हवा, पंखा बंद कर, चष्मा कुठे आहे, सगळ्याला ‘चावी’. मावशीला हात कुठल्या बाजूला वळला यावरून कळायचे. एकदा मी तिथे असताना काकांनी खिडकीकडे पाहत ‘चावी’ म्हटले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. काका चिडले, मान हलवली, ओठांशी झगडले आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, ‘पडदा.’ मग दोघेही हसले. स्वयंपाकघरात मी तिला विचारले, तुला पडदा आधीच कळला होता ना? ती म्हणाली, ‘कळला होता रे. पण मी लगेच ओळखलं की त्यांचा शब्द तिथंच राहतो.’

तोडीने पाहिले तर त्या घरात कधीच बरोबरी नव्हती. आधी काका वर होते, मग मावशी. हुशार माणसाने हुशार माणूस शोधू नये असे मी म्हणत नाही. जरूर शोधावा. पण हुशारीला जोडीदाराची पात्रता म्हणू नये, आणि त्या दारावर पहारा तर मुळीच बसवू नये. कारण मावशीने त्या दिवशी जाणूनबुजून चुकीचे उत्तर दिले होते. तांब्या पुढे करणाऱ्या त्या हातात जी बुद्धी होती, तिला चाचणीने शून्य गुण दिले असते.